टेकू नका

इंग्लंडमधल्या जुन्या हवेल्यांत खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिच्यावर पाइनचं सुकं बोंड ठेवतात. कुठे कुठे वाळकी काटेरी फुलं असतात. 'बसू नका' अशी पाटी लावणं या लोकांना असभ्य वाटतं. पाहुण्याने बोंड बघायचं, काय ते समजायचं आणि ओशाळून पुढे सरकायचं.

माझी आत्या जालन्याची. तिने ते बोंड उचललं, उलटसुलट करून पाहिलं, "कुणाच्या तरी पोराचं राहिलंय," म्हणत टेबलावर ठेवलं आणि ऐसपैस बसली.

ही गेल्या शनिवारची गोष्ट. हवेलीचं नाव सांगत नाही. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला लंडन झाल्यावर 'खरं इंग्लंड' बघायचं असतं, आणि खरं इंग्लंड म्हणजे कुणातरी लॉर्डाचं घर, त्याची बाग आणि शेवटी चहाबरोबर स्कोन नावाचा छोटा पाव, असा माझ्या बायकोचा ठाम समज आहे. (ती स्वतः येत नाही.) पार्किंगचे पैसे वेगळे. तिकिटाच्या खिडकीवर "देणगीसह की देणगीशिवाय?" हे मागची रांग ऐकत असताना विचारतात, म्हणजे तुम्ही 'देणगीसह'च म्हणणार. आत शिरताना पाठीवरची सॅक पोटावर घ्यायला लावली. आत्याच्या औषधांपासून दशम्यांपर्यंत सगळं त्यात होतं. मी सातव्या महिन्यातल्या बाईसारखा कमरेवर हात ठेवून चालू लागलो.

आधी बाग पाहिली होती. "लावलंय काय यांनी? नुसतं गवत तर आहे," आत्या म्हणाली. मी तिला अशा बागा आखणाऱ्या लॅन्सलॉट ब्राउनबद्दल सांगितलं. 1716 ते 1783 हा त्याचा काळ. टेकड्या सपाट करायच्या, नसलेल्या टेकड्या उभ्या करायच्या, ओढा अडवून तळं करायचं आणि हे सगळं देवानेच केलंय असं वाटलं पाहिजे, ही त्याची ख्याती. डॉर्सेटमध्ये जोसेफ डेमर नावाच्या लॉर्डाला आपल्या घरासमोरचं अख्खं गाव खुपत होतं. त्याने ते पाडलं आणि 1780 च्या सुमारास नजरेआड नवं वसवलं, मिल्टन अबास. त्या कामातही ब्राउनचा हात होता. आत्या म्हणाली, "आमच्याकडं धरणासाठी तरी उठवतात."

या बागांना कुंपण दिसत नाही, तेही मी तिला दाखवलं. लांबून हिरवळ सलग वाटते, गाईगुरं थेट दिवाणखान्यात येतील असं वाटतं. मध्ये एक खोल चर असतो आणि त्याची घराकडची बाजू भिंतीसारखी बांधून काढलेली असते. घरातून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. गाईला मात्र बरोबर कळतं. खुर्चीवर बोंड ठेवणारं डोकं हेच.

तर आत्या बसली. खोलीच्या कोपऱ्यातून एक स्वयंसेवक आजोबा निघाले. ऐंशीच्या घरातले असावेत. टाय, गळ्यात ओळखपत्र, हात मागे बांधलेले. ते खुर्चीकडे न बघता छताकडे बघत मला म्हणाले, "बाईंना कदाचित बाहेरच्या अंगणातला बाक जास्त सोयीचा वाटेल का, असा मी आपला विचार करत होतो."

"काय म्हणतोय?"

"बाहेर बाक आहे म्हणतोय."

"असू दे की. मी इथं बरी आहे. उभं राहून पाय दुखायलेत."

"ती आभार मानतेय," मी आजोबांना सांगितलं.

आजोबांनी घसा साफ केला. "ही खुर्ची 1760 च्या सुमाराची आहे."

हे मी आत्याला सांगितलं. तिने हातावर थाप मारून पाहिली. "मजबूत आहे."

आजोबांचं सौजन्य इथे संपायला आलं होतं. त्यांनी शेवटचा उपाय म्हणून, बाई कुठून आल्या, असं विचारलं. जालना म्हटल्यावर त्यांचा चेहरा कोराच राहिला. वेळ मारून न्यायला मी म्हणालो, "असई त्याच जिल्ह्यात."

"असई!" आजोबा एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या दालनातून दोन माणसं डोकावली. "23 सप्टेंबर 1803!"

ही इंग्रज आणि मराठ्यांमधल्या असईच्या लढाईची तारीख. पुढे काय झालं ते सांगतो. त्यांनी ते बोंड उचललं. बोंड म्हणजे आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. प्रेक्षकांना अडवायला लावलेला लाल दोर म्हणजे केळणा नदी. पलीकडे, चिनी फुलदाण्यांच्या जागी, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज. वाटाडे सांगत होते की नदी ओलांडायला जागा नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं. त्यावरून त्याने ताडलं की मधे नदी चालत ओलांडण्याजोगा उतार असणार. आणि होता! आजोबांनी बोंड दोरावरून पलीकडे नेलं. त्यांचे डोळे पाणावले होते.

मी भाषांतर केलं. आत्या म्हणाली, "त्यात काय हुशारी? समोरासमोर गावं म्हटल्यावर उतार असणारच. सोयरिकी कशा व्हायच्या नाहीतर?"

"पण वाटाडे नाही म्हणत होते!" आजोबा.

"सांगतील कशाला? गाव कुणाचं होतं?"

हे भाषांतर ऐकून आजोबा क्षणभर थांबले आणि मग चक्क आत्यासमोर किंचित वाकले. वेलिंग्टनने म्हातारपणीसुद्धा आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून वॉटर्लूचं नाही, असईचं नाव घेतलं, असं ते म्हणाले. "आपल्या तोफांचं विचार त्याला," आत्या. मराठ्यांचे गोलंदाज तोफांपाशीच मेले, पण हटले नाहीत, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. वेलस्लीची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली. आत्याने समाधानाने मान हलवली. एव्हाना ती त्या खुर्चीत मांडी घालून बसली होती.

मी उभा. पोटावर सॅक. तोफखान्याचं दुतर्फा भाषांतर करून घशाला कोरड पडलेली. उजवा खांदा भिंतीला जरासा लागला.

"भिंतीला टेकू नका!"

मला 'कदाचित' नाही. 'असा मी विचार करत होतो' नाही. छताकडे बघणंही नाही. ते वॉलपेपर चीनहून आणलेलं आहे, हाताने रंगवलेलं आहे, आणि "हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं." आत्या पाहुणी. मी इथे कर भरतो, म्हणून मला ठाऊक असायला हवं.

आता हे वॉलपेपर आलं कशातून? घर बांधणाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये संपत्ती मिळवली, असं जिन्याखालच्या फलकावर एका ओळीत लिहिलं होतं. नोकरीत! जसा काही भविष्यनिर्वाह निधी साठवला. बर्कशायरमधलं बॅसिल्डन पार्क फ्रान्सिस साइक्सने असंच बंगालमधल्या कासिमबाजारच्या कमाईवर उभारलं. अशा जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 2020 साली वसाहती आणि गुलामगिरीशी संबंध असलेल्या आपल्या 93 वास्तूंची यादी काढली, तर केवढा गहजब झाला! सहलीला आलेल्यांचा मूड कशाला घालवता, म्हणे. माझ्या मूडचं काय? दिवाणीच्या, म्हणजे बंगालच्या महसुलाच्या, पैशातल्या भिंतीला खांदा लावायचा नाही, आणि वर देणगीसह तिकीट.

असो. चहाची सोय जुन्या तबेल्यात होती. घोड्यांच्या जागी बसायला परवानगी असते. एकच टेबल रिकामं होतं, दोन खुर्च्यांचं. आत्याला बसवून मी रांगेत लागलो. दोन स्कोन, साय, जॅम आणि चहाच्या दोन किटल्या घेऊन परत येतो तर माझ्या खुर्चीवर आजोबा. त्यांची सुट्टीची वेळ झाली होती. समोर आत्याची दशमी. भाषेवाचून दोघांचं उत्तम चाललं होतं.

"बरं झालं आलास," आत्या म्हणाली. "याला सांग, जालन्याला ये म्हणावं. असईला मी नेते."

मी ट्रे हातात धरून सांगितलं. आजोबांनी खिशातून छोटी वही काढली, पत्ता लिहून घेतला आणि सप्टेंबरात केळणेला पाणी किती असतं, असं विचारलं.

"पाऊस झाला तर असतं," आत्या म्हणाली. "आणि अरे, तू उभा का? बस की."