हजार एकरांत सव्वाचार लाख घरं मावत नाहीत

नागपूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक हिशेब फिरतोय. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. हजार फुटांचं घर धरलं तर एका मजल्यावर ४३ घरं, दहा मजल्यांत ४३०. बेसा, मानेवाडा, हुडकेश्वर, वर्धा रोड मिळून हजार एकर रिकामी जमीन सहज निघेल, म्हणजे ४ लाख ३० हजार घरं. म्हणून शहरात घरांची टंचाई नाहीच आणि झोपडपट्ट्यांना मालकी पट्टे देण्याचंही कारण नाही.

गुणाकार बरोबर आहे. पण त्या शेवटच्या वाक्यावर माना डोलावणारे खूप दिसले, म्हणून हे लिहितो आहे.

हजार एकर म्हणजे साधारण चार चौरस किलोमीटर. घरटी चार माणसं धरा, १७ लाख होतात. २०११च्या जनगणनेत अख्ख्या नागपुरात २४ लाख लोक होते आणि ते सुमारे २१७ चौरस किलोमीटरवर राहत होते. एवढ्यावरच हा मेसेज फॉरवर्ड करणाऱ्याचा हात थांबायला हवा होता.

चूक कुठे झाली? मेसेजमध्ये एकराचा फूट न् फूट स्लॅबखाली गेला आहे. कोणताही लेआउट पाडताना रस्ते सोडावे लागतात, दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते, मोठ्या लेआउटमध्ये सार्वजनिक सुविधांची जागाही. हे सगळं जाऊन ५५ टक्के जमीन प्लॉटांची उरली असं धरू, म्हणजे २४,००० चौरस फूट. त्यावर २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीचा मूळ एफएसआय १.१, म्हणजे प्लॉटच्या १.१ पट बांधकाम. त्यापुढचा प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. जिने, लिफ्ट, बाल्कनी यांचा हिशेब वेगळा ठेवला, तर मूळ एफएसआयमध्ये एकरी २६ घरं बसतात. एकूण एफएसआय २ मिळाला तरी ४८. कुठे ४३० आणि कुठे ४८!

आता ‘रिकामी जमीन’. माझ्या मते खरा घोळ इथेच आहे. उपग्रहाच्या चित्रात जे मोकळं दिसतं त्यातलं बरंच आधीच विकलं गेलेलं आहे. ‘५७२’ आणि ‘१९००’ या नावांनी ओळखले जाणारे, परवानगीशिवाय पडलेले लेआउट नागपुरात कुणाला माहीत नाहीत? हजार-पंधराशे फुटांचे प्लॉट, प्रत्येकाचा मालक वेगळा. कुणी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला, कुणी मुलीच्या नावावर ठेवलेला. कुणाचं आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, व्हायचं आहे, कुणाची डिमांड, म्हणजे त्यासाठीचं शुल्क, भरायची राहिली आहे. असे चाळीस मालक एकत्र येऊन दहा मजली इमारत कशी बांधणार? दहा मजल्यांसाठी इमारतीभोवती सोडावी लागणारी सामासिक अंतरं त्या प्लॉटमध्ये मावतच नाहीत.

काही जमीन तर मोजायचीच नसते. पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल उजाड माळासारखं दिसतं, पण ते वनजमीनच आहे असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५मध्ये स्पष्ट केलं. नदी-नाल्यांचे काठही मोकळे दिसतात. सप्टेंबर २०२३मध्ये अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउटमधल्या घरांत पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या काठांवर आणखी घरं मांडायची? आणि वर्धा रोडकडे सोनेगाव विमानतळामुळे उंचीवर मर्यादा येतात, तेही मेसेजमध्ये नाही.

पाण्याचंही तेच. माणशी रोज १३५ लिटर या मापाने १७ लाखांना २३ कोटी लिटर पाणी लागेल. ते पेंच आणि कन्हानमधून, म्हणजे शहराबाहेरूनच आणावं लागतं.

मोकळी जमीन आहे, आणि ती वापरली पाहिजे, यात वाद नाही. पण ती मोजायची तर सर्व्हे नंबर घेऊन बसावं लागेल: मालक कोण, आरक्षण कसलं, समोरचा रस्ता किती मीटरचा, सांडपाण्याची गडर लाइन कुठवर आली आहे.

राहिला पट्ट्यांचा मुद्दा. पट्टा देताना एक फूटही रिकामी जमीन लागत नाही. जिथे कुटुंब तीस-चाळीस वर्षं राहतं आहे, त्याच जागेचा कागद त्याच्या हाती द्यायचा असतो. नझूल (सरकारी जमीन), महापालिका किंवा नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) जागेवरच्या वस्तीचा हक्क बेसात किती एकर मोकळे आहेत यावर ठरत नाही.