पावतीचा आकडा बदलून बघा
'वेब सुरक्षेत करिअर करायचं तर महागडं सर्टिफिकेट आणि पुणे-बंगळुरू, याला पर्याय नाही' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. मी रावेरचा. पहिलं काम मिळालं ते एका केळी व्यापाऱ्याच्या वेबसाइटची सुरक्षा तपासायचं. तपासायची लेखी परवानगी आधी घेतली (हे लेखात राहूनच गेलंय. परवानगीशिवाय हात लावलात तर आयटी कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ आहेतच). एका शेतकऱ्याच्या लॉगिनने पावती उघडली, वरच्या लिंकमधला ४१७ खोडून ४१८ केला, एंटर मारलं. दुसऱ्याच माणसाची पावती समोर! मालाचं वजन, भाव, बँक खातं, सगळं. ना पासवर्ड फोडला, ना कुठलं टूल. लॉगिन झालंय का एवढंच सर्व्हर बघायचा, पावती त्याचीच आहे का हे बघतच नव्हता. ओवास्प ही वेब सुरक्षेवर काम करणारी संस्था. तिच्या २०२१ च्या मोठ्या धोक्यांच्या यादीत हाच प्रकार, ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (म्हणजे कोणाला काय बघता येईल यावरचा ताबाच ढिला), पाचव्यावरून पहिल्या नंबरवर आला.

शेठ म्हणाले, "भाऊ, आकडा बदलायला बसतंय कोण?" त्यांना कळेल असा अहवाल साध्या मराठीत लिहायला दोन दिवस गेले. निम्मं काम तेच असतं, आणि लेखात त्यावर एक ओळ नाही. शिकलो बर्प सुइट या वेबसाइट तपासायच्या टूलच्या फुकट आवृत्तीवर आणि ते बनवणाऱ्या पोर्टस्विगर कंपनीच्या मोफत ऑनलाइन सराव लॅबवर, लाइट असेल तेव्हा. सर्टिफिकेट नंतर घेतलं, एचआरच्या चाळणीतून खाली पडू नये म्हणून. तिथे ते लागतं, नाही म्हणत नाही.