नुसता क्लिक वाजला म्हणून "टेस्टेड" लिहू नका!

जुने ऑटोफोकस फिल्म एसएलआर (लेन्स बदलता येणारे रोलचे कॅमेरे) विकायला काढताना "टेस्टेड, एकदम चालू" असं लिहिणाऱ्यांचा आता खरंच संताप येतो. टेस्ट म्हणजे काय केलं? बॅटरी घातली, डिस्प्लेवर आकडे आले, लेन्स घरघरली, बटण दाबल्यावर क्लिक वाजला. झालं! अरे, शटरची, म्हणजे फिल्मसमोर उघडझाप करणाऱ्या पडद्यांची, पाती वेळेवर उघडली की नाही हे त्या क्लिकवरून कळतच नाही!

१९८७ सालचा कॅनन ईओएस ६५० घ्या. सुसाट येणाऱ्या पात्यांचा धक्का झेलायला शटरच्या आत एक मऊ बंपर असतो. इतक्या वर्षांत तो वितळून डांबरासारखा चिकट होतो आणि पात्यांवर उतरतो. मागचं दार उघडून पाती उजेडात तिरकी धरली की काळे, तेलकट डाग दिसतात. दहा सेकंदांचं काम. तेवढंही करवत नाही?

त्यात हा दोष लपून राहतो. कॅमेरा दोन दिवस पडून राहिला की पाती चिकटतात, पहिला शॉट वाया जातो, त्या हिसक्यानं पाती सुटतात आणि पुढचे शॉट बरे येतात. म्हणून वीस वेळा खटखट करून "बघा, चालतोय" म्हणण्याला काडीचा अर्थ नाही. १/१२५ सेकंदाच्या शटर स्पीडला अख्खी फ्रेम एका वेळी उघडी असते, थोडा उशीर खपून जातो. १/२००० ला मात्र पात्यांच्या दोन पडद्यांमधली जेमतेम दोनेक मिलिमीटरची फट फिल्मवरून सरकते. पहिला पडदा अडखळला की दुसरा त्याला गाठतो, फट मिटते आणि निगेटिव्हचा तेवढा भाग कोरा राहतो. दुसरा अडखळला तर फ्रेम जास्त एक्स्पोज होते. हे कळतं कधी? ३६ फ्रेमचा रोल संपून, डेव्हलप होऊन हातात आल्यावर! तोवर शिव्या खातो लॅबवाला.

कधी पाती इतकी अडकतात की कॅमेराच थांबतो आणि बऱ्याच जुन्या ईओएसवर डिस्प्लेवर 'बीसी' (बॅटरी तपासा अशी खूण) लुकलुकायला लागतं. मग "बॅटरी गेली असेल" म्हणून नवी २सीआर५ आणायचा सल्ला. बॅटरी ठणठणीत असते हो!

"साफ केलंय" हे तर त्याहून वाईट. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून वरवर पुसलं की डाग जातात, पण बंपर आत तसाच पाझरत असतो. काही दिवसांनी पुन्हा तेच. काडी जास्त ओली असेल तर चिकटा पात्यांच्या थरांमध्ये शिरतो, जोर लावला तर पातं वाकतं. शटर उघडून तो बंपर खरवडून काढल्याशिवाय दुरुस्ती झाली असं म्हणूच नका. आणि उजेड आत शिरू नये म्हणून दाराला असलेले फोम सील बदलल्याचं कौतुक इथे सांगू नका, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

टेस्ट करायचीच असेल तर कॅमेरा दोन दिवस हात न लावता ठेवा. मग रोल न घालता लेन्स काढा, मागचं दार उघडा, मॅन्युअलवर १/२००० लावा, उजळ खिडकीकडे धरा आणि फोनवर स्लो मोशन व्हिडिओ सुरू करून बटण दाबा. तो पहिला क्लिक दाखवा. विसावा नको.