हेलसिंकी ते अँकरेज : माठ पालथा घालून बघा

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड आठवड्यात तिसऱ्यांदा आलाय. म्हणणं असं : फिनलंडचं हेलसिंकी आणि अलास्कातलं अँकरेज नकाशाच्या दोन कडांना, मध्ये साडेएकोणीस हजार किलोमीटर. तरी हेलसिंकीहून दुपारी चारला सुटलेलं विमान त्याच दिवशी दुपारी एकला पोचेल असं सांगतात. ध्रुवावरून विमान जातच नाही, तिथं होकायंत्र चालत नाही. सबब पृथ्वी गोल असणं ही थाप. पाठवणारे काका वडीलधारे, म्हणून दोनदा गप्प बसलो.

साडेएकोणीस हजार कुठून आले ते कळतं. दोन्ही गावांत रेखांशांचं अंतर 175 अंश. त्याला कुणीतरी 111 किलोमीटरनं गुणलंय. पण अंशाला 111 किलोमीटर हे विषुववृत्तावर. ही गावं साधारण साठाव्या अक्षांशावर, तिथं अंश निम्मा होतो. म्हणजे त्या अक्षांशावरून आडवं गेलं तरी दहा हजारच्या आत. आणि आडवं जायचंच कशाला?

घरात खानापूरचा माठ आहे. तो रिकामा करून पालथा घातला. बूड म्हणजे उत्तर ध्रुव, पोट म्हणजे विषुववृत्त. बुडापासून पोटापर्यंतच्या उताराचा एक तृतीयांश मोजून समोरासमोर खडूनं दोन खुणा केल्या. दोरा आडवा फिरवला तर अकरा इंच, बुडावरून घेतला तर सव्वासात. (आई म्हणाली, आता तो घासून दे.) खऱ्या पृथ्वीवरही प्रमाण तेच : ध्रुवाजवळून जाणारी वाट सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात ध्रुवाचा एक ठिपका ताणून अख्खी वरची कड होते, म्हणून ही वाट तिथं दिसतच नाही.

वेळेचं तर सोपं आहे. ताशी 900 किलोमीटरनं, चढ-उतार धरून आठेक तास. हेलसिंकीत चारला सुटलं की पोचताना तिथं रात्रीचे बारा. अँकरेजचं घड्याळ 11 तास मागं, म्हणून तिथं दुपारचा एक. उलट फॉरवर्डचं अंतर खरं धरलं तर विमानाला ताशी 2,400 किलोमीटर पळावं लागेल. आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या काँकॉर्ड या प्रवासी विमानालाही ते जमलं नसतं.

ध्रुवावरून विमान जात नाही म्हणे. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सनं 1957 मध्ये कोपनहेगन-अँकरेज-टोकियो ही ध्रुवीय सेवा सुरू केली. 1983 पासून फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं विमान हेलसिंकीहून टोकियोला न थांबता त्याच बाजूनं जायचं. 2022 मध्ये रशियानं आकाश बंद केल्यावर फिनएअरनं तीच जुनी वाट पुन्हा धरली. रशियावरून होणारा नऊ-साडेनऊ तासांचा प्रवास तेरावर गेला.

होकायंत्राचं मात्र अर्धं खरं आहे. चुंबकीय ध्रुवाजवळ सुई भरवशाची राहत नाही. म्हणून तिथं आधी जायरोवर (वेगानं फिरत दिशा धरून ठेवणारं चक्र), पुढे इनर्शियल यंत्रणेवर (विमानाची हालचाल मोजून जागा काढणारी) आणि आता जीपीएसवर विमान चालवतात. चूक झालेलीही आहे : 1978 मध्ये पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालेलं कोरियन विमान आर्क्टिकवर दिशा चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. त्यावर मारा झाला, दोन प्रवासी गेले, विमान गोठलेल्या तळ्यावर उतरलं. काका, जिथं विमान जातच नाही तिथं ते वाट चुकलं कसं, तेवढं ग्रुपवर लिहा.