मामा, बीथोव्हन ऐकून कुणी गद्दार झालं नाही

बेळगावात शहापूरला राहणाऱ्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज माझ्या पोरीनं शाळेच्या वक्तृत्वासाठी जसाच्या तसा पाठ केला. युद्धात म्युझियमं म्हणजे चैन, शत्रूची कला कौतुकानं मांडणं म्हणजे गद्दारी, आणि तशीही ती लुटीची गोदामं, कुलपं लावा! मामांना फॉरवर्ड करायला एक सेकंद लागला, माझा रविवार गेला.

आधी गद्दारीच, कारण पोरगी तिथंच हात उगारून गरजत होती. 1939 साली हिटलरशी युद्ध पेटलं तेव्हा लंडनच्या नॅशनल गॅलरीनं चित्रं वेल्सकडं हलवली. भिंती ओक्याबोक्या. ऑक्टोबरात मायरा हेस नावाच्या बाई तिथं पियानोला बसल्या आणि दुपारच्या मैफली सुरू झाल्या, तिकीट एक शिलिंग. वाजवलं काय? बाख, बीथोव्हन. म्हणजे जर्मनच की! वरून जर्मन बाँब पडायला लागल्यावर मैफल तळघरात नेली, पण बंद केली नाही. साडेसहा वर्षांत सुमारे 1,700 मैफली झाल्या. ऐकायला वर्दीतले जवानही यायचे. बीथोव्हन ऐकून इंग्लंड हरलं का? पुढं लोकांनीच चित्रं बघायची मागणी केली, तेव्हा 1942पासून महिन्याला एक चित्र आणून मांडायला लागले.

आणि आपण बेळगावकर? दिवसभर बोर्ड मराठीत की कन्नडात यावरून भांडायचं, रात्री मामांच्याच टेपवर कुमार गंधर्व. ते आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, कन्नड घरातले. ऐकताना कुठं अडतं?

कुलपाचं म्हणाल तर बगदादचं म्युझियम बंदच होतं. एप्रिल 2003मध्ये राखणीला माणूस उरला नाही आणि सुमारे 15,000 वस्तू गेल्या. राखायला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. ही चैन?

लुटीबद्दल मात्र मामांचं थोडं खरं आहे, मानावं लागतं. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीचे, म्हणजे जुन्या जैन मंदिराचे, 1204चे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मग ‘आमचे दगड परत द्या’ म्हणा की. कुलूप कशाला?

येत्या रविवारी या मामा, पोरीला घेऊन किल्ल्यात जाऊ. बसदीच्या छतातलं दगडी कमळ अजून जागेवर आहे. मान वर करून एकदा बघा, मग काय फॉरवर्ड करायचं ते करा.