‘स्टॅटिनइतकीच गुणकारी’ कॅप्सूल: दावा आणि आकडे

सध्या फिरणारा संदेश असा: ‘लसूण, हळद, दालचिनी, फिश ऑइल किंवा रेड यीस्ट राइसची कॅप्सूल घ्या. कोलेस्टेरॉल स्टॅटिनइतकंच उतरतं आणि दुष्परिणाम शून्य.’ (स्टॅटिन म्हणजे डॉक्टर देतात ती कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं; रेड यीस्ट राइस म्हणजे बुरशीने आंबवलेला लाल तांदूळ.)

‘स्टॅटिनइतकंच.’ ही तुलना अमेरिकेत झालेली आहे. निष्कर्ष 2022 मध्ये आले. 190 जण, 28 दिवस. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन (एक स्टॅटिन) 5 मिग्रॅ, एकाला प्लासिबो म्हणजे औषध नसलेली नकली गोळी, बाकीच्या सहा गटांना प्रत्येकी एक: वरची पाच सप्लिमेंट आणि प्लांट स्टेरॉल (वनस्पतींतले कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ). स्टॅटिनने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सुमारे 38 टक्के उतरलं. प्लासिबोपेक्षा सरस एकही सप्लिमेंट ठरलं नाही. लसणाच्या गटात तर एलडीएल वाढलं. 28 दिवस कमी पडले म्हणावं, तर स्टॅटिनलाही तेवढेच मिळाले होते.

‘फिश ऑइल.’ याचा उपयोग ट्रायग्लिसराइडवर (रक्तातली दुसरी चरबी), तोही दिवसाला 2 ते 4 ग्रॅम ईपीए-डीएचए (त्यातली ओमेगा-3 आम्लं) पोटात गेलं तर. 1000 मिग्रॅच्या साध्या कॅप्सूलमध्ये ते बहुधा 300 मिग्रॅच असतं. हिशेब करा. शिवाय डीएचएमुळे एलडीएल थोडं वाढूही शकतं.

‘दुष्परिणाम शून्य.’ रेड यीस्ट राइसमधलं मोनाकोलिन के हे द्रव्य म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिन हे स्टॅटिनच. म्हणजे गुण आला तर तो स्टॅटिनचाच, आणि स्नायुदुखी, यकृतावरचा ताण, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसारख्या औषधांसोबत घेतल्यास होणारा धोकाही त्याचाच. फरक इतकाच की बाटलीत ते किती आहे याचा भरवसा नाही. सिट्रिनिन हे मूत्रपिंडाला घातक बुरशीविषही त्यात सापडतं. युरोपीय संघाने 2022 मध्ये मोनाकोलिनची दिवसाची मात्रा 3 मिग्रॅच्या आत ठेवायला लावली. स्टॅटिन चालू असताना रेड यीस्ट राइस घेणं म्हणजे नकळत डोस वाढवणं. गरोदरपणात तर नकोच.

मग काहीच उपयोगाचं नाही का? आहे, पण माफक. इसबगोल दिवसाला सुमारे 10 ग्रॅम, दोन वेळांत विभागून घेतल्यास एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरतं. प्रत्येक वेळी किमान 240 मिली पाणी हवं, नाहीतर ते घशात फुगून अडकतं. पहिल्या आठवड्यात एक चमचाच घ्या, म्हणजे गॅस कमी होतो. इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर ठेवा. प्लांट स्टेरॉल वरच्या चाचणीत फिके पडले, तरी इतर अनेक चाचण्यांत दिवसाला 2 ग्रॅमने 8 ते 10 टक्के घट दिसली. ते जेवणासोबतच घ्यायचे, कारण आतड्यात कोलेस्टेरॉलचं शोषण अडवणं हेच त्यांचं काम.

तपासून पाहायचं तर आधी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करा, मग एकच बदल, आणि 6 ते 8 आठवड्यांनी पुन्हा तपासणी. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांनी किंवा स्टेंट असलेल्यांनी या प्रयोगासाठी स्टॅटिन थांबवू नये.