पुराचे खाते वेगळे, आपले खाते वेगळे

सप्रेम नमस्कार.

वर्षअखेरच्या आत्मपरीक्षणावर मी लिहिलेल्या लेखाखाली आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले कोल्हापुरात शाहूपुरीत दुकान आहे आणि २०१९ व २०२१ या दोन्ही पुरांत ते पाण्याखाली गेले. अशा माणसाला ‘सरत्या वर्षाचा हिशेब मांडा आणि पुढच्या वर्षाची पाच ध्येये लिहा’ असे सांगणे म्हणजे पोट भरलेल्यांची करमणूक आहे, असे आपण लिहिले आहे. ३१ डिसेंबर ही मुळात आपली वर्षअखेरच नव्हे, आणि डोळे मिटून यशाचे चित्र पाहायला सांगणे ही फसवणूक आहे, हे आपले आणखी दोन आक्षेप. आभार मानून दोन ओळींत मोकळे व्हावे असे हे मुद्दे नाहीत.

शेवटच्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे माझी चूक आहे. ‘ध्येय गाठलेले आहे अशी रोज कल्पना करा’ असे मी लिहिले होते आणि ते वाक्य मी मागे घेतो. गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी थॉमस वॅडन यांच्यासह १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या उपचारातील स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन कमी होईल अशी अपेक्षा ज्यांना होती, त्यांचे वजन अधिक उतरले. मात्र यशाच्या गोड कल्पनांत ज्या अधिक रमल्या, त्यांचे कमी उतरले. अपेक्षा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक न करता मी वाचकांना सल्ला दिला. आपण तो नेमका पकडलात.

तारखेबद्दलही आपले म्हणणे मला मान्य आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आपल्याकडे व्यापाऱ्याची वही लक्ष्मीपूजनाला पुजली जाते, पंचांगातले वर्ष पाडव्याला बदलते, सरकारी वर्ष १ एप्रिलला सुरू होते, आणि ऊसकऱ्याला तर डिसेंबरात मागे वळून पाहण्याची उसंतच नसते, कारण गळीत हंगाम भरात असतो आणि त्याचे वर्ष कारखान्याचे बिल हाती पडल्यावरच संपते. नव्या सुरुवातीचा परिणाम अभ्यासणाऱ्या संशोधकांना २०१४ मध्ये असे आढळले की नवा आठवडा, नवा महिना, नवे सत्र आणि स्वतःचा वाढदिवस यांनंतरही लोक संकल्पाकडे वळतात. म्हणजे महत्त्व १ जानेवारीला नाही, ‘इथे एक पान संपले’ असे वाटण्याला आहे. ते पान आपण आपल्या धंद्याच्या चालीप्रमाणे निवडावे. आपल्या जागी मी असतो तर मे महिन्याचा शेवट निवडला असता, पावसाळा दाराशी येण्याआधीचा.

आता मुख्य मुद्दा. परिस्थितीच सगळे ठरवते, मग स्वतःला काय तपासायचे, असे आपण विचारता. मी उद्यमनगरातल्या काही लहान कारखान्यांचे हिशेब लिहितो. ज्या वर्षी पुराने माल भिजतो, त्या वर्षी आम्ही ते नुकसान वेगळ्या शीर्षाखाली दाखवतो. ते खरेदी-विक्रीत मिसळले, तर धंदा मुळात तोट्यात चालला आहे की फक्त पुराने मारला आहे, हे मालकाला कधीच कळत नाही. माणसाच्या वर्षाचेही असेच आहे, आणि ही मिसळ दोन्ही दिशांनी होते. माझ्या घरात ती दोन्ही दिशांनी झाली, म्हणून इतक्या आग्रहाने लिहीत आहे.

२०१९ मध्ये मी एका व्यावसायिक परीक्षेचा अभ्यास सुरू केला होता. ती परीक्षा मी दिली नाही, आणि पुढे वर्षभर ‘पुरात सगळे विस्कटले’ असे सर्वांना सांगत राहिलो. लोकांना ते पटत होते, मलाही पटत होते. डिसेंबरमध्ये अभ्यासाची वही उघडली तेव्हा शेवटची नोंद ११ जूनची निघाली. पाणी आले ते ऑगस्टमध्ये. मी खोटे बोलत नव्हतो, माझ्या आठवणीनेच दोन महिने पुढे सरकवले होते.

माझ्या आईचे याच्या अगदी उलट झाले. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात त्याच पुरात वडिलांची पत्रे आणि सगळे जुने फोटो गेले, आणि ‘मी आदल्या दिवशीच ती पेटी माळ्यावर टाकायला हवी होती’ हे वाक्य ती दोन वर्षे म्हणत राहिली. शेवटी एका संध्याकाळी आम्ही बसलो आणि तिला त्या दिवशी काय माहीत होते, तेवढेच कागदावर लिहिले. २००५ च्या मोठ्या पुरात पाणी आमच्या पायरीपर्यंत येऊन थांबले होते. त्यापलीकडे ते येऊ शकते, हे तिने तोवर पाहिलेच नव्हते. तो कागद तिने देवघरातल्या फळीवर ठेवला आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे केव्हा उघडतील हे तिच्या हातात नव्हते, माझा ११ जून मात्र पूर्णपणे माझ्या हातात होता. हा निवाडा आठवणीवर सोडला तर चुकतो, आणि म्हणून मी नोंदीचा आग्रह धरतो; पासबुक, उधारीची वही, फोनमधले फोटो, जे असेल ते समोर घेऊन बसावे.

ध्येयांविषयी आपण म्हणता की ती लिहून काही बदलत नाही. नुसती लिहून फारसे बदलत नाही, हे खरे. पण मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी ‘अमुक झाले तर मी तमुक करीन’ अशा पद्धतीने बांधलेल्या संकल्पांवर पुष्कळ काम केले आहे, आणि त्यांनी पास्कल शीरन यांच्यासह २००६ मध्ये ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा अशा संकल्पांचा परिणाम ठळकपणे चांगला दिसला. कारण असे की निर्णय आधीच घेतलेला असतो. वेळ आली की विचार करावा लागत नाही, खूण दिसताच हात हलतो.

कोल्हापूरकरांना हे परदेशी संशोधनातून शिकायची गरज नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ‘यंदा पुराबाबत सावध राहीन’ हे ध्येय पावसाच्या तिसऱ्या रात्री उपयोगाला येत नाही, कारण त्या रात्री प्रत्येक जण ‘अजून दोन तास पाहू’ असेच म्हणतो. ‘बंधाऱ्यावर ३९ फूट झाले की रात्र असो वा दिवस, खालच्या दोन फळ्यांवरचा माल वरच्या मजल्यावर जाईल आणि टेम्पोवाल्याला फोन जाईल’ हे मात्र मे महिन्यात ठरवता येते. माझ्या लेखात पाच ध्येये होती. असा एक संकल्प त्या पाचांपेक्षा मला आज अधिक मोलाचा वाटतो.

आपल्या प्रतिक्रियेतले एक वाक्य मला विशेष लागले. सकाळी स्वयंपाक, दुपारी गल्ला, संध्याकाळी सासूबाईंचे औषधपाणी, यांतून आपल्या पत्नीने आत्मपरीक्षण केव्हा करायचे, असे आपण विचारले आहे. माझ्या लेखात प्रत्येक माणसाचे तास त्याच्या स्वतःच्या मालकीचे आहेत असे गृहीत धरले होते, आणि पुष्कळ घरांत ते तसे नसतात. त्यांना आणखी एक काम सांगण्याआधी, त्यांचा आठवड्यातला कोणता तास कोण मोकळा करून देणार, हे घरातल्या इतरांनी आपल्या वहीत लिहिले पाहिजे. गल्ल्यावर तासभर आपण बसू शकाल का, हे मी विचारणे आगाऊपणाचे वाटेल, तरीही विचारतो.

मूळ लेखातला कल्पनाचित्राचा परिच्छेद मी या आठवड्यात काढून टाकत आहे आणि ‘पाच ध्येये’ हा भाग नव्याने लिहीत आहे. त्यासाठी आपली एक मदत हवी आहे. दोन्ही वर्षी पाणी आपल्या उंबऱ्याला लागले तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होते, आणि त्याआधी माल हलवायला आपल्याला किती तास मिळाले असते, याची नोंद आपल्याकडे असल्यास कृपया कळवावी. शाहूपुरीतल्या आणखी कोणाकडे ती असेल, तर त्यांनाही विचारावे.

आपला स्नेहांकित